तिसरा तुकडा

माधव नगर, उज्जैन
१८ नोव्हेंबर २०२४

मानसी,

वर ‘सौ.’ आणि खाली ‘अनेक उत्तम आशीर्वाद’ लिहायची आपल्यात पद्धत आहे. मी दोन्ही सोडून दिलंय. तू मला फोनवर ब्लॉक केलंस तेव्हा तूही बरंच काही सोडून दिलंस, त्यामुळे वाईट वाटून घ्यायचं कारण नाही.

पोस्टातल्या माणसानं पाकिटावरचा पत्ता वाचला आणि म्हणाला, “माताजी, फ्रीगंज तो यहीं है, ऑटो से दस मिनट. खुद दे आइए.” मी म्हटलं, “भैया, जाना होता तो पाकिट क्यूँ खरीदती?” तो हसला. मी नाही हसले.

मी आपणहून लिहीत नाहीये हे आधीच सांगते. ह्यांनी मागे लागून लिहायला बसवलंय. “तू मोठी जाऊ आहेस, तू लिही. श्रीनाथ तर माझा फोनच उचलत नाही.” सख्ख्या भावाचा फोन न उचलायला भावजींना कुणी शिकवलं तेही मला माहीत आहे, पण आज तो विषय नाही.

रजनीवन्सं देवासहून फोन करतात. तू त्यांना काय काय सांगितलंस ते मला कळतं. म्हणून दिवाळीच्या पाडव्याला काय झालं ते एकदा नीट लिहून ठेवते, म्हणजे पुढे कुणी ‘असं नव्हतंच’ म्हणायला नको.

एकतीस वर्षं पाडव्याचा नाश्ता मी करत आले. दूध-जलेबी, पोहे, शेव आणि माझे अनारसे. यंदा आईंनी सांगितलं, “या वेळी मानसीला करू दे.” ठीक आहे. तुझ्या आल्हादनं मिलानहून कुणाच्या तरी हाती तो घुमटासारखा पाव पाठवला होता. पॅनेत्तोने. ते नाव जिभेवर बसायला मला आठवडा लागला. तिकडे म्हणे नाताळच्या सकाळी तो खातात. तू त्याचे जाड तुकडे कापलेस, केशर-वेलचीच्या आटवलेल्या दुधात बुडवलेस, तुपावर परतलेस, वर रबडी आणि पिस्ते घातलेस. वास साऱ्या घरात सुटला होता, ते मी नाकारत नाही.

आणि आईंना तीन तुकडे खायला घातलेस. ऐंशी वर्षांत ज्या बाईनं अंड्याचं ताट शेजारी सहन केलं नाही, जिनं ट्रेनमध्ये बाजूच्यानं आम्लेट काढलं म्हणून नागद्यापर्यंत दारात उभं राहून प्रवास केला, तिला. डबा माझ्या हाती आला, मी फोनच्या कॅमेऱ्यानं अक्षरं वाचली आणि सगळ्यांसमोर सांगितलं, की ह्यात अंड्याचा बलक आहे. सांगितलं नसतं तर तू चौथाही वाढला असतास.

तू काय म्हणालीस? “वहिनी, हिरवा ठिपका आहे ना डब्यावर!” जसं काही आपल्याकडच्या बिस्किटाच्या पुड्यावर असतो तसाच तिकडच्या लोकांनी आपल्यासाठी छापून ठेवलाय. बारा वर्षांपूर्वी आल्हादच्या वाढदिवसाला गच्चीवर अंड्याचा केक आणून लपवून खाणारी बाई मला ठिपक्याच्या गोष्टी सांगते. कुणाचाच विश्वास बसला नाही, ह्यात माझा काय दोष? तू रडलीस, भावजी चिडले, आणि भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी तुम्ही सामान हलवायला टेम्पो बोलावलात.

त्या दिवसापासून आई देवांना हात लावत नाहीत. सोळा दिवस झाले. म्हणतात, “माझं अंग बाटलंय.” तुला माहीत आहे आईंचं. त्यांना सोन्याचं काही नको, तीर्थयात्रा नको. सकाळी चांदीचे टाक ताम्हनात घेऊन न्हाऊ घालायचे, खंडोबाला हळद लावायची, एवढंच त्यांचं जगणं. ते तू काढून घेतलंस.

रविवारी ये. आईंसमोर बस आणि ‘मला माहीत होतं, माझं चुकलं’ एवढं म्हण. चहा घेऊन जा. राहायचा आग्रह कुणी करणार नाही.

वासंती


माधव नगर
९ डिसेंबर २०२४

मानसी,

तीन रविवार गेले. तू आली नाहीस, उत्तरही नाही. पत्र मिळालं हे मला ठाऊक आहे, कारण भावजींनी ह्यांना ‘वहिनीला सांग, पत्र लिहू नको’ असा निरोप दिलाय. म्हणून लिहिते.

परवा चंपाषष्ठी झाली. खंडोबाचं सहा दिवसांचं नवरात्र पहिल्यांदा मी एकटीनं केलं. आईंनी देवघराबाहेर पॅसेजमध्ये ती निळी प्लास्टिकची खुर्ची टाकून घेतली आहे. तिथं बसून आत बघत असतात. काही सांगत नाहीत. मी टाक पुसताना क्रम चुकले, तरी बोलल्या नाहीत. भरताची वांगी गॅसवर भाजली, नैवेद्याला चुलीवरचीच लागतात हे विसरले, तरी नाही. पूर्वी एवढ्यावरून दिवसभर टोमणे मारले असते. त्यांचे टोमणे बरे वाटावेत अशी वेळ माझ्यावर येईल असं मला कधी वाटलं नव्हतं.

तू मनात म्हणशील, ‘वहिनीला देवघर हवंच होतं, मिळालं.’ हो, हवं होतं. लपवत नाही. एकतीस वर्षं मी फुलं निवडली, वाती वळल्या, उपकरणी घासली, आणि आईंनी मला टाकांना बोट लावू दिलं नाही. ‘माझ्यामागं कर.’ आणि तू सून म्हणून आलीस, तर तुला दोन वर्षांत हळद लावायला बसवलं. ते मी विसरले नाही, विसरणारही नाही. पण आता रोज सकाळी माझ्या पाठीला त्या खुर्चीची नजर लागते आणि ताम्हन हातातून सुटेल असं वाटतं.

काल रामघाटावरच्या आपल्या गुरुजींना बोलावलं. फेब्रुवारीत आईंना ऐंशी वर्षं आठ महिने पुरे होतात, सहस्रचंद्रदर्शन करायचं आहे. तारीख काढली, नऊ फेब्रुवारी, रविवार. आई म्हणाल्या, मी पूजेला बसणार नाही. गुरुजींनी पुष्कळ समजावलं. “अहो आई, अजाणता घडलं ना? मग पंचगव्य घ्या, अकरा माळा जप करा, बस, हो गया! कशाला एवढं मनाला लावून राहिलात?”

आईंनी काय उत्तर दिलं ते शब्दशः लिहिते. “अजाणता खाल्लं ते माझं फिटेल, गुरुजी. पण जिनं जाणून वाढलं ती माझ्यासमोर बसून बोलत नाही, तोवर मी देवाला हात लावणार नाही. पूजा करा नाहीतर नका करू.”

नाव त्यांनी घेतलं नाही. घ्यायची गरजच काय?

आता तरी कळलं का किती ताणून धरलंयस ते? पूजा मोडली तर लोक विचारतील, आणि काय सांगायचं ते मला चांगलं येतं. एक वाक्य बोलायचं आहे तुला. मोठी भाषणं तू पुष्कळ केली आहेस या घरात.

वासंती


माधव नगर
२ जानेवारी २०२५

मानसी,

नवीन वर्षाच्या शुभेच्छा मी कुणालाच देत नाही, आपलं वर्ष गुढीपाडव्याला लागतं.

तुझ्या आल्हादचा आणखी एक डबा आला. कंपनीकडून सगळ्यांच्या घरी जातो म्हणे, आणि त्यांच्या कागदावर पत्ता अजून माधव नगरचाच आहे. कुरियरवाल्यानं माझ्या हातात दिला. तोच निळा डबा, तीच सोनेरी दोरी. मी तो माळ्यावर ठेवलाय, सोवळ्याच्या भांड्यांपासून लांब. फोडलेला नाही.

ठेवण्याआधी तुझा तो ठिपका पाहिला. हिरवं गोल आहे खरं. आत दोन बाण एकमेकांत अडकलेले. ह्यांनी आल्हादला फोन लावला. तो पोरगा आपल्या घरच्या ग्रुपवर सगळ्यांसाठी लिहून मोकळा झाला, तू वाचलंच असशील: “काकू, त्या खुणेचा शाकाहाराशी संबंध नाही. पॅकिंगच्या कचऱ्याची सोय केली आहे एवढाच त्याचा अर्थ. आईला खरंच कळलं नसणार. चूक माझी आहे, अंडं असतं हे मी सांगायला हवं होतं.” रजनीवन्संनी नुसते हात जोडल्याचं चित्र टाकलं.

जेवताना हे म्हणाले, “मग तर मानसीनं मुद्दाम नव्हतं केलं. आपण तिला खालीपिली बोललो.” मी म्हटलं, “आपण म्हणजे कोण?” तर आमटी मागायला लागले.

बरं. तुला माहीत नव्हतं असं धरून चालू. उज्जैनची पोरगी, मिलानच्या डब्यावर हिरवं दिसलं, शाकाहारी समजली. होऊ शकतं. मीही कदाचित तेच समजले असते. त्याबद्दल माझा शब्द मी मागे घेते, तो लिहून घे.

पण त्यानं इथं काय बदललं? मी आईंना सांगितलं, आल्हाद असं असं म्हणतो. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “मला माहीत आहे.” पुन्हा खुर्चीत बसल्या. त्या बारीक झाल्यात. संध्याकाळी दिवा लावायच्या वेळी हात पदरात गुंडाळून ठेवतात, चुकून पुढे जाईल म्हणून. काल मी शंख धुवायला बाहेर ठेवला तर त्यांनी बाजूनं वळसा घातला. स्वतःच्याच घरात, स्वतःच्याच शंखाला. मला बघवलं नाही आणि मी त्यांच्यावरच ओरडले.

तेव्हा आता स्पष्ट लिहिते. खोटं बोल. ये आणि म्हण, ‘हो आई, मला माहीत होतं.’ तुझं काय जाणार आहे? घर तू सोडलंयस, नाव जायचं ते गेलंय. फ्रीगंजात लिफ्टचा फ्लॅट आहे, खाली दुकानं आहेत, तुला आमची काय पडली आहे? एका वाक्यात म्हातारीला तिचे देव परत मिळतात. तू तिची एवढी लाडकी होतीस, तर एवढं कर.

हे मागताना मला लाज वाटते का? वाटते. म्हणून तर रागानं लिहिते आहे.

वासंती


माधव नगर
१५ जानेवारी २०२५

मानसी,

भावजी काल संक्रांतीला आले. पाच मिनिटं बसले, आईंच्या पाया पडले, तिळगुळाची पुडी माझ्या हातात ठेवली आणि गेले. आत तुझी चिठ्ठी होती. दोन महिन्यांत तीन पत्रं लिहिली मी, आणि तुझ्या चार ओळी. त्या इथं उतरवते, म्हणजे तुलाही दिसेल काय लिहिलंस ते.

“वहिनी, पाडव्याला तुम्ही भाषांतराचा फोटो सगळ्यांना दाखवलात. स्क्रीनशॉट होता. त्याच्या डोक्यावर वेळ होती, ७:१०. आपण नाश्त्याला साडेनऊला बसलो. तिळगूळ घ्या.”

‘गोड बोला’ लिहायचं तू विसरली नाहीस, मुद्दाम गाळलंस.

तर तुला तेव्हाच दिसलं होतं. सगळे माझ्या फोनवर वाकले होते, ‘अंड्याचा बलक’ वाचत होते, आणि तू एकटी वर कोपऱ्यातली वेळ बघत होतीस. मग बोलली का नाहीस? रडत का बसलीस? टेम्पो बोलावेपर्यंत तीन दिवस होते तुझ्याकडे! मला तिथल्या तिथं पकडायचं सोडून तू दोन महिने मला पत्रं लिहू दिलीस. मी इकडे ‘रविवारी ये’, ‘एक वाक्य बोल’, ‘खोटं बोल’ असं लिहिते आहे, आणि तू फ्रीगंजात बसून वाचते आहेस, जाणून. तुझ्या जागी मी असते तर...

माझ्या फोनचं घड्याळ कधी कधी चुकतं.

हे वाक्य लिहून मी पंधरा मिनिटं बसले होते. खोडायचं होतं. राहू दे, तुला हसायला.

तुझा तिळगूळ आईंना दिला. खाल्ला त्यांनी. “कुणी केला?” असं न विचारता खाल्ला.

वासंती


माधव नगर
३ फेब्रुवारी २०२५

मानसी,

हे शेवटचं. मधे मधे थांबणार नाही, नाहीतर पुरं होणार नाही.

पाडव्याच्या आदल्या संध्याकाळी तुम्ही सगळे गच्चीवर पणत्या लावायला गेलात. मी खाली होते, कारण माझे अनारसे हसले होते. दोन घाणे काढले, दोन्ही तुपात पसरून जाळी होऊन गेले. एकतीस वर्षांत पहिल्यांदा. आईंनी स्वयंपाकघरात डोकावून पाहिलं आणि म्हणाल्या, “वासंती, ह्याचा चुरा करून ठेव. उद्या पाहुण्यांपुढे नको.” रागावून नाही बोलल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्या वर गेल्या आणि समोर फ्रिजवर तुझा डबा होता. मी फोन धरला. तिकडची अक्षरं हलली आणि त्यांच्या जागी आपली आली. मैदा, लोणी, साखर, अंड्याचा बलक. सात वाजून दहा मिनिटं. मला तेव्हा काय वाटलं ते सांगते. आनंद झाला. त्या दिवाळीतला तो एकच.

वर येऊन सांगायचं ठरवलं होतं. रात्री सांगायचं ठरवलं. सकाळी औक्षण झाल्यावर, नाश्त्याला बसण्याआधी सांगायचं ठरवलं. देवाशप्पथ प्रत्येक वेळी ठरवलं होतं. ताट समोर आलं तेव्हाही तोंड उघडलं होतं. तेवढ्यात आईंनी पहिला घास घेतला, डोळे मिटले आणि म्हणाल्या, “मानसी, आजवर पाडव्याला असं काही खाल्लं नाही गं मी!” आजवर. म्हणजे माझी एकतीस वर्षं त्यात आली. मी तोंड मिटलं.

दुसरा तुकडाही तूच वाढलास. मग तू चहा आणायला आत गेलीस.

पहिल्या पत्रात मी लिहिलं की तू तीन तुकडे खायला घातलेस. तिसरा मी वाढला. आईंनी ताटली माझ्याकडे केली, “वासंती, अजून एक दे गं,” आणि मी दिला. चिमट्यानं उचलला, वर रबडी घातली. पिस्तेसुद्धा घातले. त्यांनी तो संपवला, बोटं चाटली, आणि तेव्हा मी डबा हातात घेतला.

तुझी चिठ्ठी आल्यापासून पंधरा दिवस मी हे पोटात घेऊन टाक धूत होते. गुरुवारी सकाळी खंडोबाला हळद लावताना, पाठ खुर्चीकडेच ठेवून मी म्हटलं, “आई, अंड्याचं मला आदल्या दिवशीच माहीत होतं.”

मी दुसऱ्या टाकाला हळद लावायला घेतली. मला वाटलं, ऐकलंच नाही. मग म्हणाल्या, “तिसरा तुकडा वाढताना तुझं लक्ष ताटलीत नव्हतं. रबडी माझ्या पदरावर सांडलीस.”

मी वळले. म्हटलं, “तुम्हाला माहीत होतं?”

“माहीत नव्हतं. वाटत होतं. मानसी आत होती आणि तू माझ्या तोंडाकडे बघून राहिली होतीस. घास मोजल्यासारखी.”

“मग तिला का जाऊ दिलंत? तिला परत का नाही बोलावलंत?”

“मी मानसीचं नाव कधी घेतलं?” त्या म्हणाल्या. “तूच घेत होतीस, दर वेळी.”

मी विचारलं, मला सरळ का नाही विचारलंत? तर म्हणाल्या, “विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस.”

म्हणाले असते. तुझ्याजवळ काय लपवायचं, फोनच्या घड्याळावर नाही का ढकललं?

तर बघ, असं आहे हे घर. तू वेळ वाचून गप्प बसलीस, आईंनी माझी नजर पाहून तीन महिने देव सोडले, आणि मला वाटत होतं की हे माझं एकटीचं गुपित आहे. तुझ्या ह्या तीन महिन्यांचं काय ते तू आईंनाही विचार. मी त्यांची वकिली करणार नाही. मला त्यांचा राग आलाय, तुझाही गेलेला नाही. केकचं प्रकरण मी अजून विसरले नाही, आणि हळद लावायला तुला आधी बसवलं तेही. माफी मागायची तर सुरुवात कुठून करतात ते मला येत नाही. त्यामुळे ती ह्या पत्रात शोधू नकोस.

मी म्हटलं, “आई, मी बोलले ना आता? चला, उठा, हात लावा.” त्या उठल्या नाहीत. म्हणाल्या, “मला एकटीला सांगून काय होतंय? ज्यांच्यासमोर तिला बोललीस, त्यांच्यासमोर सांग. तिच्यासमोर सांग. त्याच टेबलाशी. मग मी पंचगव्य घेते आणि देवांना आंघोळ घालते.”

म्हणून नऊ तारखेला पूजेआधी नाश्ता ठेवला आहे. तीच माणसं. हे, भावजी, रजनीवन्सं आणि त्यांचे यजमान. पोहे मी करते आहे. अनारशांचे तांदूळ गुरुवारीच भिजत घातलेत, हसले तरी ह्या वेळी ताटात वाढणार. आल्हादचा डबा माळ्यावर आहे, जाताना घेऊन जा. मला तो घरात नको.

आईंनी बजावलंय, “मानसी नसेल तर बोलू नकोस, त्याला अर्थ नाही.” म्हणजे तू आली नाहीस तर मी वाचते. पूजा मोडेल, लोकांना मी काहीतरी सांगेन, तुझ्यावर ढकलायला मला अजून जमेल. आई खुर्चीत बसून राहतील आणि टाक माझ्याकडे राहतील. खरं सांगायचं तर तू येऊ नयेस असंच मला वाटतं. काल रात्रीपासून तेच वाटतंय.

म्हणूनच हे पत्र पोस्टात टाकत नाही. ह्यांच्या हाती देते आहे. तू दार उघडून हातात घेतलंस की नाही ते बघूनच परत या, असं सांगितलंय, म्हणजे पत्र पोचलं नाही असं मला कुणाला म्हणता येणार नाही.

रविवारी, नऊ वाजता. उशीर करू नकोस, माझा भरवसा नाही.

वासंती